टॅब वर्गाला द्या, प्रत्येक मुलाला नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेले दोन आठवडे वाचकांच्या पत्रांच्या पानावर छोट्या वर्गांना टॅब द्यावा की नको यावर पत्रं येतायत, मी सगळी वाचली. एका पालकांचं म्हणणं, पहिलीपासून प्रत्येक मुलाच्या हातात टॅब हवाच, नाहीतर आमची मुलं मागे पडणार. एका आजोबांचं म्हणणं, शाळेच्या फाटकाच्या आत टॅब येऊच देऊ नका. दोघंही तळमळीने लिहितायत हे कळतं. पण दोघांच्याही पत्रात वर्ग दिसला नाही, म्हणजे प्रार्थना संपल्यावर पहिली ते चौथीची सतरा मुलं एका खोलीत बसलेली असताना तिथे नेमकं काय होतं, ते. ते मी रोज बघितलंय म्हणून लिहितेय, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात सरकारी मराठी प्राथमिक शाळांत ३१ वर्षं शिकवलं. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, पण शाळा घरापासून पाच मिनिटांवर आणि तिथली टीचर एकटीच, चारही वर्ग तिच्याच अंगावर, म्हणून मंगळवारी आणि शुक्रवारी मी जाऊन बसते, गोष्टी सांगते, वाचून घेते. दीड वर्षापूर्वी गावातल्याच एका कुटुंबाने शाळेला सहा टॅब दिले, त्यांचा मुलगा परदेशात नोकरीला आहे. अगदी मोठ्या मनाने दिले, आईवडील स्वतः घेऊन आले होते, मुलांना लाडूही वाटले.

पहिला महिना कसा गेला ते आधी सांगते, कारण ते कोणी सांगत नाही. टॅबमध्ये गेम आधीच घालून दिले होते, अक्षरओळख, बेरीज, इंग्लिश राइम्स वगैरे. मुलांच्या हातात दिले आणि वर्ग इतका शांत झाला की आम्हां दोघींना हायसं वाटलं. एकशिक्षकी शाळेत ज्याने शिकवलंय त्यालाच कळेल शांतता म्हणजे काय चीज आहे ती, तिसरीला हातच्याची वजाबाकी समजावत असताना पहिलीतला कोणीतरी कोणाचं तरी पेन्सिलचं टोक मोडतोच आणि मग सगळं परत पहिल्यापासून. तर ती शांतता आम्हांला शिकण्याचीच वाटली. तिसऱ्या आठवड्यात मी दुसरीतल्या एका मुलाच्या पाठीमागे जाऊन बसले. बेरजेचा गेम चालू होता, खाली चार उत्तरं, आणि तो वरचा प्रश्न वाचतच नव्हता, चारही उत्तरांवर एकामागून एक बोट मारत होता, बरोबर लागलं की टॅबमधून टाळ्या वाजायच्या आणि पुढचं गणित यायचं. अर्ध्या तासात साठेक गणितं झाली, तीन स्टार मिळाले. मी त्याच्या पाटीवर सात अधिक पाच लिहून दिलं, तर तो बिचारा माझ्या तोंडाकडे बघत राहिला. त्याची काय चूक, त्याला जे बक्षीस मिळत होतं ते बोट मारण्याचं मिळत होतं.

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही दोघींनी बसून सगळे गेम काढून टाकले. कॅमेरा राहिला, आवाज रेकॉर्ड करायचं राहिलं, चित्र काढायची एक पाटी राहिली आणि डाउनलोड केलेल्या गोष्टी राहिल्या. टॅब कायम एअरप्लेन मोडवर, म्हणजे जाहिरात नाही आणि मधेच दुसरं काही उघडतही नाही. आणि नियम एकच केला की एका टॅबला दोन मुलं, एकाच्या हातात टॅब, दुसऱ्याकडे काम, दहा मिनिटांनी अदलाबदल, वीस मिनिटं झाली की टॅब परत टेबलावर. हे ठरवायला आम्हांला कोणी सांगितलं नव्हतं, पण खरी सुरुवात तिथून झाली.

सगळ्यात जास्त फायदा कसला झाला असेल तर आवाज रेकॉर्ड करण्याचा. ऐकायला साधं वाटेल. आमच्याकडे पहिलीत एक मुलगी आली, घरी कन्नड, वडील चिऱ्याच्या खाणीवर कामाला. खेळताना मुलांबरोबर कोकणी बोलायची पण वर्गात जूनपासून गणेश चवथीच्या सुट्टीपर्यंत तोंड उघडलं नाही, वाच म्हटलं की मान खाली. आता आमच्या सरकारी मराठी शाळांत अशी मुलं खूप असतात, घरची भाषा एक, गल्लीतली कोकणी, पुस्तकातली मराठी, आणि सहा वर्षांच्या जिवाने हे सगळं एकदम पेलायचं. मी तिला टॅब दिला आणि म्हटलं त्या कोपऱ्यात पायरीवर बसून याला वाचून दाखव, मला नको. दोन ओळींची गोष्ट होती, मांजराची. परत आली, मी तिलाच ऐकवलं. तर डोळे मोठे करून म्हणते, "टीचर, हें कोण वाचता?" मागून मुलं ओरडली, "अगो तूंच!" त्या दिवशी तिने ती गोष्ट किती वेळा रेकॉर्ड केली ते मोजलं मी नंतर, अकरा वेळा. मी सांगितलं म्हणून नाही हं, तिला स्वतःलाच एक शब्द अडकलेला आवडत नव्हता म्हणून. तीस वर्षांत मी कुठल्या मुलाकडून एक धडा अकरा वेळा वाचून घेऊ शकले नाही.

आणि शिक्षिकेला काय मिळालं ते यापेक्षा मोठं आहे. एकटी टीचर चार वर्ग सांभाळत असताना प्रत्येक मुलाचं वाचन रोज कधी ऐकणार? आठवड्यातून एकदा जमलं तरी पुष्कळ. आता मुलं आपापलं वाचून ठेवतात आणि ती मधल्या सुट्टीत किंवा घरी शांतपणे ऐकते. त्यात तिला एक गोष्ट सापडली जी मला कधी सापडली नव्हती, दुसरी-तिसरीच्या नऊ मुलांपैकी सहा जण रफारावर अडखळत होती, सूर्य हा शब्द सूय्र आणि वर्ग हा वग्र असा वाचत होती, कारण ती डोक्यावरची खूण डोळ्याला नंतर दिसते आणि तोंडाने मात्र आधी म्हणायची असते. वर्गात एकेकाचं ऐकताना आपण पटकन दुरुस्त करून पुढे जातो, नऊ आवाज एकाखाली एक ऐकले तेव्हा कळलं की ही एकाची चूक नाही. मग तिने तीन दिवस दुसरं काही शिकवलं नाही, नुसता रफार, खडूने जमिनीवर लिहून त्यावरून उड्या मारत. टॅबने चूक दाखवली, सुधारली मात्र जमिनीवर.

केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान २०२१ साली सुरू झालं तेव्हा २०२६-२७ पर्यंत तिसरी पूर्ण करणारं प्रत्येक मूल समजून वाचेल आणि साधे हिशेब करेल असं ध्येय ठेवलं गेलं, तिसरीला मिनिटाला साठ शब्द असंही त्यात आहे. शब्द मोजायला रेकॉर्डिंग सोयीचंच आहे, पण मला शब्दांपेक्षा दुसरं ऐकू येतं, मूल पूर्णविरामाला थांबतं का, गोष्टीतला वाघ बोलताना आवाज बदलतं का. बदलला की समजायचं त्याला कळतंय.

पालकसभेत आम्ही काय केलं, मुलाचं सगळ्यात पहिलं रेकॉर्डिंग आणि नोव्हेंबरचं रेकॉर्डिंग लागोपाठ लावलं, प्रत्येक पालकाला त्याच्याच मुलाचं आणि बाजूला घेऊन, सगळ्यांसमोर नाही. घरी कन्नड बोलणाऱ्या त्या मुलीची आई मराठी वाचू शकत नाही, तिला प्रगतीपुस्तकातलं काही कळत नव्हतं, नुसती सही करायची. तिने ते दोन्ही ऐकलं आणि परत लावायला सांगितलं. मार्कांवरून ज्या आईला काही कळत नाही तिला आवाजावरून सगळं कळलं. यामुळे शाळेचा पट वाढला असं मी म्हणणार नाही, उलट यंदा सतराचे सोळा झाले. टॅब ठेवले की इंग्लिश माध्यमात गेलेली मुलं परत येतील असं जे बोललं जातं ना, त्यात मला तथ्य वाटत नाही. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात गावोगाव प्राथमिक शाळा उघडल्या तेव्हा कित्येक ठिकाणी देवळाच्या मंडपात नाहीतर कोणाच्या तरी ओसरीवर वर्ग भरायचे, तरी लोक मुलांना पाठवायचे, कारण मूल शिकतंय हे त्यांना दिसत होतं. टॅब दाखवायची वस्तू म्हणून आणाल तर तो दाखवण्यापुरताच राहील.

आता माटोळीचं, म्हणजे चवथीला गणपतीच्या वर रानातली फळं-फुलं बांधून टांगतात त्याचं सांगते, कारण यात मला स्वतःला फार मजा आली. चवथीच्या आठ दिवस आधी टीचरने मुलांना सांगितलं की घरी माटोळीला जे जे बांधतात त्यातलं एकेक शाळेत आणा. पाऊस चालू, तरी आणलं सगळ्यांनी, आंबाडे, तोरिंजन, चिबूड, घागऱ्या, तिरफळं, माट्टी, एकाने कवंडळ, एकीने कांगणांचा घोस. एकूण सत्तावीस प्रकार झाले, पहिलीवाल्यांनी फळ्यावर रेघा मारून मोजले. मग प्रत्येक वस्तूचा फोटो, आणि घरी कोणत्या नावाने ओळखतात ते आजी-आजोबांच्या तोंडून रेकॉर्ड करायचं. त्यासाठी टॅब घरी दिले नाहीत, आजी-आजोबांनाच शाळेत बोलावलं, पाच आजोबा आणि सहा आज्या आल्या. एक आजोबा पंचाऐंशीच्या पुढचे, ते वीस मिनिटं बोलले, कुठली वेल रानात कुठल्या बाजूला चढते, कुठलं फळ हातात धरायचं पण तोंडात घालायचं नाही, माटोळी बांधायला केवणाच्या सालीचा दोर कसा वळायचा. मुलं त्यांच्यासमोर टॅब धरून इतकी गप्प बसली होती की काय सांगू, आणि ही शांतता पहिल्या महिन्यातल्या शांततेसारखी नव्हती, दर दोन मिनिटांनी कोणीतरी हात वर करून विचारत होतं.

मग त्याचं पुस्तक केलं, आणि ते कागदावर केलं. फोटो तालुक्याच्या गावी जाऊन छापून आणले, खाली नाव मुलांनी स्वतःच्या हाताने लिहिलं. घागऱ्या लिहायचं म्हणजे र ला य कसा जोडायचा तो प्रश्न आलाच, जोडाक्षरांचा धडा त्यांनी स्वतःहून मागितला. घागरीची शेंग सुकली की खुळखुळते, ती उघडून आतल्या बियांचा फोटो काढला आणि मोठा करून बघितला, बिया शेंगेला कशा चिकटलेल्या असतात ते चौथीच्या मुलांनी वहीत काढलं. तसंच चवळीचं एक बी कापसावर ठेवून रोज त्याच जागेवरून एक फोटो काढला, दहा दिवसांनी ते फोटो बोटाने भरभर सरकवले तर पहिलीतला एकजण ओरडलाच, "तें उठलें!" बी रुजतं हे त्याने पुस्तकात वाचलेलं होतं, पण उठताना कोणाला दिसतं?

हे सगळं लिहिण्याचं कारण असं की टॅब म्हणजे मुलांना काहीतरी दाखवायचं यंत्र असं आपण धरून चाललोय. पाच-सहा-सात वर्षांच्या मुलाला दाखवायला जग भरपूर आहे, आमच्या शाळेच्या मागे ओहोळ आहे. टॅबचा उपयोग मुलाने जे बघितलं, म्हटलं, केलं ते धरून ठेवायला आणि परत बघायला होतो.

मुळाक्षरांच्या ॲपबद्दल मात्र पालकांना कळकळीने सांगायचंय. फुकट मिळणारी बरीचशी ॲप हिंदीवरून उचललेली असतात. ल आणि श ही अक्षरं मराठीत आपण वेगळ्या वळणाने लिहितो, महाराष्ट्र सरकारने २००९ साली मराठी वर्णमालेचा निर्णय काढला त्यात ही वळणं नीट दिली आहेत, पण ॲपमध्ये बघाल तर हिंदी वळणाचा ल आणि हिंदी वळणाचा श. मूल पुस्तकात एक बघतं आणि टॅबवर दुसरं, आणि पहिलीत तर अक्षराचं रूप डोळ्यात बसायचं असतं. ळ तर कितीतरी ठिकाणी नसतोच. माटोळी, केळं, नारळ, गूळ, ळ काढला तर आमच्या पोरांच्या तोंडातले अर्धे शब्द गेले. आणि उच्चार! चमचा यातला च वेगळा आणि चिमणी यातला च वेगळा, जहाज आणि जीभ यातला ज वेगळा, आमच्या कोकणी बोलणाऱ्या मुलांना हा फरक आईच्या दुधाबरोबर मिळालेला असतो, आणि ॲपमधली बाई सगळे च एकाच छापाचे म्हणते. मुलं ऐकून तसंच म्हणायला लागतात, मी ऐकलंय. म्हणून ॲप वर्गात आणायच्या आधी कोणीतरी मराठी शिकवणाऱ्याने ते पूर्ण ऐकून, बघून मगच आणावं. गोष्टींसाठी प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर नावाचं संकेतस्थळ आहे, २०१५ पासून चालू आहे, मराठीत आणि कोकणीतही गोष्टी आहेत, फुकट डाउनलोड करून ठेवता येतात, छापूनही काढता येतात. आम्ही तिथल्या बऱ्याच घेतल्या.

काचेवर बोट फिरवून अक्षर शिकवायचं असेल तर त्याला माझा विरोध आहे, आणि तो पक्का आहे. काचेवर बोट घसरतं, हाताला काही अडत नाही. पाटीवर पेन्सिल करकरते, जोर किती लावायचा ते मनगटाला कळतं, मातीची वळी करून क केला तर त्याचं पोट बोटांना लागतं. अजून वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांवर अमेरिकेत एक अभ्यास झाला होता, २०१२ साली छापून आला, त्यात मुलांना काही अक्षरं हाताने लिहायला लावली आणि काही टाइप करायला, नंतर मेंदूचे स्कॅन घेतले तर वाचताना मेंदूचा जो भाग कामाला लागतो तो हाताने लिहिलेल्या अक्षरांना जास्त जागा झाला. आम्हां शिक्षिकांना हे अनुभवाने माहीत होतंच. केंद्र सरकारने २०२३ च्या फेब्रुवारीत तीन ते आठ वयाच्या मुलांसाठी जो जादुई पिटारा काढला त्यातसुद्धा खेळणी, कोडी, बाहुल्या, चित्रांची कार्डं असंच आहे, हाताने धरायचं. तो वर्गात आधी पोचू दे.

बाहेरच्या देशांचं थोडक्यात. पेरू देशात प्राथमिक शाळांतल्या प्रत्येक मुलाला लॅपटॉप द्यायचा मोठा कार्यक्रम झाला होता, ३१९ शाळांचा अभ्यास करून २०१२ मध्ये निष्कर्ष आला की भाषेत आणि गणितात मुलांची प्रगती त्याने झाली नाही, यंत्र दिलं पण शिकवणं तेच राहिलं. दुसरीकडे आफ्रिकेतल्या मलावीत छोट्या वर्गांतली मुलं टॅबवर वाचन आणि गणित शिकतात आणि तिथे फायदा दिसला म्हणून सरकार तो कार्यक्रम देशभर नेतंय. तिथे टॅब शाळेचे, मुलं आळीपाळीने वापरतात, रोज ठरावीक वेळ, अभ्यास त्यांच्या चिचेवा भाषेत, इंटरनेट लागत नाही, चार्जिंग सौर ऊर्जेवर. स्वीडनने मात्र २०२३ मध्ये छोट्या मुलांसाठी छापील पुस्तकांवर परत पैसे घातले, युनेस्कोनेही त्याच वर्षीच्या अहवालात सांगितलं की तंत्रज्ञान मुलाच्या शिकण्याला उपयोगी पडत असेल तेवढंच वापरा. मला यातलं मलावीचं आमच्या सत्तरीला, सांग्याला, काणकोणला लागू पडणारं वाटतं. आमच्याकडे पावसात लाईट गेली की कधी येईल ते सांगता येत नाही आणि रेंज शोधत मुलं डोंगरावर चढत होती ते कोविडच्या वर्षातलं आपण सगळ्यांनीच बघितलंय. पुस्तकातले क्यूआर कोड चांगले, सरकारच्या दीक्षा ॲपवरचं साहित्यही चांगलं, पण जिथे नेट नाही तिथे आधीच डाउनलोड करून दिलं नाही तर तो नुसता काळा-पांढरा चौकोन.

आता वेळेचं. बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय अकादमीने सांगितलंय की दोन वर्षांखाली स्क्रीन नकोच, दोन ते पाच वर्षांपर्यंत दिवसाला एक तासाच्या आत, त्यानंतर दहा वर्षांपर्यंत दोन तासांच्या आत, आणि यात घरातला मोबाईल, टीव्ही सगळं धरून. म्हणजे शाळेने वीस मिनिटं घेतली आणि घरी मूल मोबाईल बघत पेज जेवतं, मग झोपेपर्यंत कार्टून, तर हिशेब कुठे गेला? आमच्या काही पालकांनी विचारलंही, शाळेतच टॅब देता मग आम्ही घरी का नाही म्हणायचं. प्रश्न बरोबर आहे. आम्ही त्यांना वर्गात बसवून ती वीस मिनिटं दाखवली, मूल टॅबसमोर बसून काय करतं, किती बोलतं, किती हलतं. सगळ्यांना पटलं असं नाही, पण दोन घरांत जेवताना मोबाईल बंद झाला, आयांनी सांगितलं.

एक गोष्ट घाईत सगळे विसरतात, मुलांचे फोटो आणि आवाज. आम्ही ते व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकत नाही, कुठल्या ॲपवर मुलांची नावं-जन्मतारीख भरत नाही. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला पालकांची संमती लागते असं आहे, पण कायदा नसता तरी दुसऱ्याच्या लेकराचा अडखळता आवाज गावभर फिरवायचा नसतो.

शिक्षण खात्याला मला सांगायचंय ते कपाटाबद्दल. मी नोकरीत असताना एका शाळेत संगणक आला होता, तो डेड स्टॉक रजिस्टरवर, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत चढला आणि दुसऱ्या दिवशी कुलपात गेला, कारण मोडला तर उत्तर कोण देणार? मुख्य शिक्षिकेची बदली होईपर्यंत त्याच्यावरचं प्लास्टिक निघालं नाही, आणि मी तिला दोष देत नाही, तिच्या जागी मीही तेच केलं असतं. सहा वर्षांच्या मुलाच्या हातातून टॅब पडणारच. आमच्या सहातला एक पडला, काच तडकली, तो देणाऱ्या कुटुंबाने हसून दुरुस्त करून दिला म्हणून बाकीचे पाच अजून मुलांच्या हातात आहेत. सरकारी टॅब असता तर? तेव्हा द्यायचे असतील तर आधी लेखी द्या की वापरात मोडलेल्या टॅबचे पैसे शिक्षिकेकडून घेतले जाणार नाहीत, तालुक्याला एक माणूस ठेवा जो महिन्यातून एकदा शाळेत येऊन टॅब बघून जाईल, आणि एका शाळेला सहा-आठच द्या. प्रत्येक मुलाला एक द्यायला जो खर्च येईल त्यातून वाचलेल्या पैशांत एकशिक्षकी शाळेला दुसरी टीचर द्या, कारण मंगळवार-शुक्रवार मी आहे म्हणून हे सगळं जमतंय, माझी सत्तरी जवळ आल्यावर काय?

आणि प्रशिक्षण. एक दिवस हॉलमध्ये बसवून प्रोजेक्टरवर बटणं दाखवतात ते प्रशिक्षण नव्हे. ज्या शाळेत हे चालू आहे तिथे दुसऱ्या शाळेच्या टीचरला दोन दिवस नुसतं बसू द्या, तिला वाटेल ते विचारू द्या, आणि महिन्याने परत एकदा येऊ द्या. आमच्या भागशिक्षणाधिकाऱ्यांच्या कानावर हे घातलंय, त्यांनी ऐकून घेतलंय, पुढचं बघू.

शेवटी एक विनंती. माटोळीच्या पुस्तकात आमच्याकडची नावं आहेत, पण पेडण्यात त्याच फळाला दुसरं म्हणतात आणि काणकोणात तिसरंच, हे त्या आजोबांनीच सांगितलं. येत्या चवथीला तिथल्या एखाद्या प्राथमिक शाळेने आपल्या मुलांकडून अशी नावं रेकॉर्ड करून घेतली तर आमची मुलं त्यांना आपली पाठवतील, पेनड्राइव्हवर, पोस्टाने. टॅब नसला तर टीचरचा साधा फोनही चालतो. कोणाला जमणार असेल तर तुमच्या दैनिकाकडे कळवायला सांगा, मी येऊन भेटेन.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
सत्तरी, गोवा